केक आधी फुगतो आणि मग मधेच बसतो!! काय चुकतंय? (ओटीजी म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, बिनअंड्याचा)

कोथिंबीरवडी
मंडळी मदत करा, अगदी रडकुंडीला आलेय. गेल्या महिन्याभरात पाच केक केले त्यातले चार मधे बसले. म्हणजे आधी काचेतून बघावं तर मस्त फुगलेला असतो, पार टिनच्या काठापर्यंत, आम्ही सगळे समोर खुर्च्या टाकून बसलेलो जणू क्रिकेटची मॅच चाललीय, आणि मग तीसेक मिनिटांनी हळूहळू मधला भाग खाली जायला लागतो. बाहेर काढेपर्यंत कढईसारखा खोलगट. कापला की कडेला छान जाळीदार आणि मधे तळाशी दोन बोटं जाड ओला चिकट थर, खरवसासारखा. मुलगा म्हणतो आई तुझा केक म्हणजे लोणारचं सरोवर.
साहित्य देते: सव्वा कप मैदा, कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम, पिठीसाखर 2 टेबलस्पून, बेकिंग पावडर 1 टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून, दूध 150 मिली, व्हिनेगर 1 टेबलस्पून, व्हॅनिला. 7 इंची गोल टिन. ओव्हन 10 मिनिटं प्रीहीट, मग 180 वर 40 मिनिटं, दोन्ही रॉड चालू.
शाळेतून घरी यायलाच सहा वाजतात त्यामुळे केकचा घाट संध्याकाळीच घातला जातो. जो एक केक नीट झाला तो रविवारी दुपारचा होता, तेव्हा वाटलं हात बसला आता, पण कसलं काय. सासूबाई म्हणतात बाकीच्या वेळी दृष्ट लागली. मुलाचा वाढदिवस पुढच्या गुरुवारी आहे आणि त्याने वर्गात सांगून ठेवलंय की आई घरी केक करणार.

चिकट_चमचा
मधे ओव्हन उघडतेस का गं? खरं सांग.

कोथिंबीरवडी
पहिल्या वेळी उघडला होता, पंधराव्या मिनिटाला, नंतरच्या वेळी शपथेवर नाही. मुलालाही हात लावू दिला नाही.

जुनी_जाणती
सोडा जास्त होतोय तुझा. एक टेबलस्पून व्हिनेगरला पाव टीस्पून सोडा पुरतो, तू दुप्पट घालतेस, उरलेला सोडा नुसताच राहतो आणि मग तोंडात साबणासारखी चव येते, आली होती का? आणि बेकिंग पावडर कधीची आहे ते बघ. अर्धा कप कडकडीत पाण्यात एक चमचा टाकायची, लगेच फसफसून वर आली तर जिवंत. नुसतीच तळाशी जाऊन बसली तर सरळ फेकून दे, वरची तारीख काहीही असो. सोडा तपासायचा तर त्यावर लिंबू पिळ. माझ्याकडे एकदा दोन वर्षांचा डबा निघाला होता, पावसाळ्यात दमट होऊन आत खडे झालेले, आणि मी तीन केकचं खापर मैद्यावर फोडून मोकळी झाले होते.
अजून एक, व्हिनेगर घातल्यावर मिश्रण ओट्यावर ठेवून टिन शोधत बसायचं नाही. टिनला आधीच बटर पेपर लावून ठेवायचा, ओव्हन आधीच तापलेला हवा, व्हिनेगर सगळ्यात शेवटी, ढवळलं की तडक आत.

कोथिंबीरवडी
साबणाची चव होय होय!! मला वाटलं भांडं नीट विसळलं गेलं नाही :( पावडर नवीनच आहे, आत्ता तपासली, उकळलेल्या दुधासारखी वर आली. सोडा पाव करते. पण जाणतीताई, रविवारचा केक याच मापाने केला होता की, तो का नाही बसला?

आळूचं_फदफदं
दोन अंडी घाला, प्रश्न मिटला. अंड्याशिवाय केक म्हणजे गोड ढोकळा.

जुनी_जाणती
फदफदंभाऊ, धाग्याच्या नावातच बिनअंड्याचा लिहिलंय. श्रावण चालू आहे, लोकांच्या घरी नियम असतात.

आळूचं_फदफदं
नियम माहितीयेत हो. मी फक्त म्हटलं की अंड्याने ढाचा धरून ठेवला जातो. अंडं शिजलं की घट्ट होतं आणि फुगलेलं जागच्या जागी राहतं. बिनअंड्याच्या केकला ते सगळं मैद्याच्या जिवावर करायचं असतं म्हणून तो नाजूक. एवढंच. ढोकळा शब्द मागे घेतो.

घरगुती_बेकर
फदफदं बरोबर बोलतायत (या वेळी). मी 6 वर्षं घरून केकच्या ऑर्डरी घेते, बसके केक इतके पाहिलेत की लांबून ओळखते. कोथिंबीरवडी, तू लिहिलंयस ना, कडा छान आणि मधे तळाशी ओला थर, त्यातच सगळं आलं. केक कडेकडून आत शिजत जातो, मधला भाग सगळ्यात शेवटी. पावडरचे आणि सोड्याचे बुडबुडे मात्र सगळीकडे एकदमच फुगायला लागतात. भोवतालचं पीठ शिजून टणक झालं की बुडबुडे तिथेच अडकतात, त्यालाच आपण जाळी म्हणतो. पीठ शिजायला उशीर झाला की बुडबुडे मोठे मोठे होत एकमेकांत मिसळतात, वर येऊन फुटतात, आणि मधलं कच्चं पीठ आपल्याच वजनाने खाली येतं. म्हणजे एक तर बुडबुडे गरजेपेक्षा जास्त (तुझा सोडा) नाहीतर उष्णता गरजेपेक्षा कमी. मला दोन्ही वाटतंय.
40 मिनिटांनी काडी घालून बघतेस का? कुठे घालतेस?

कोथिंबीरवडी
टूथपिक घालते, कडेला. मधे भोक दिसलं की फोटो वाईट येतो ना...

घरगुती_बेकर
अगं कडेला घालून काय कळणार, कडा तर आधीच झालेली असते!! मधोमध घाल आणि टूथपिक तळापर्यंत पोचत नाही, विणकामाची सुई घे. ओलं पीठ चिकटून आलं तर अजून 8-10 मिनिटं ठेव, एकदोन कोरडे कण आले तर झाला. भोकावर क्रीम येतंच.

मैदामुक्त
मधेच घुसतो त्याबद्दल सॉरी, पण माझा केक बसत नाही कारण तो मुळात उठतच नाही. संपूर्ण कणकेचा, साखर अर्धी केली, बटरऐवजी अर्धं तेल अर्धं दही. बायको म्हणते दाराला अडसर म्हणून छान आहे.

घरगुती_बेकर
मैदामुक्त, एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यात, आता कुणाला दोष द्यायचा? कणकेत कोंडा असतो, तो पाणी पितो, त्यामुळे मैद्याच्या मापाने दूध घातलं की मिश्रण घट्ट होतं. कपामागे दोनतीन चमचे दूध वाढवा आणि पावडर-सोडा घालायच्या आधी मिश्रण 15 मिनिटं झाकून ठेवा. पहिल्यांदा निम्मा मैदा निम्मी कणीक करून बघा. साखरेचं म्हणाल तर साखर फक्त गोडीसाठी नसते हो, ती ओलावा धरते आणि केक मऊ ठेवते. पाव हिस्सा कमी केली तर चालतं, अर्धी केली की केकचा ब्रेड होतो. आणि कणीक घातल्यावर फेटत बसू नका, पीठ दिसेनासं झालं की चमचा खाली. पोळ्यांची कणीक आपण मळून मळून लवचिक करतो ना, केकला नेमकं तेच नको असतं.

मैदामुक्त
फेटलं होतं. इलेक्ट्रिक बीटरने. सात मिनिटं.

चिकट_चमचा
सात मिनिटं!! दाराचा अडसर तरी छान झाला म्हणायचा.

डेन्व्हरची_सून
मी नाशिकची, आता अमेरिकेत. माझा किस्सा ऐका, दुःख हलकं होईल. इथे आल्यावर पहिला केक केला, आईच्या वहीत 180 लिहिलेलं, मी ओव्हन 180 वर लावला. एक तास झाला, दीड झाला, केक नुसता कोमट बसून. वर साय धरल्यासारखी. नवरा घरी आला आणि म्हणाला अगं इथलं फॅरनहाइट आहे. 180 फॅरनहाइट म्हणजे आपलं 82 सेल्सियस! मी केक नाही, दही लावत होते. 180 सेल्सियससाठी 350 फॅरनहाइट लावायचं हे आता हातावर गोंदवून घ्यायचं बाकी आहे.
ते निस्तरलं तर दुसरं. हे गाव समुद्रसपाटीपासून 1600 मीटरवर, हवेचा दाब कमी, त्यामुळे बुडबुडे लवकर आणि जास्त फुगतात आणि अगदी तुझ्यासारखाच केक बसतो. इथे मी पावडर पाऊणच घालते, दूध दोन चमचे जास्त आणि ओव्हन थोडा चढा. पण तुझ्याकडे एवढी उंची नाही, ते कारण नसणार. महाबळेश्वरला (1350 मीटरच्या आसपास) राहणाऱ्या कुणी करून बघितलंय का? मला खरंच उत्सुकता आहे.

निखारा
हे सगळं वाचून आजीचं धोंडस आठवलं. रत्नागिरीकडे मोठी पिकलेली तवशी (काकडी) किसून त्यात भाजलेला रवा नाहीतर तांदळाच्या कण्या, गूळ, खोबरं, वेलची. जाड बुडाच्या टोपात ओतायचं, खाली चुलीतले मंद निखारे आणि वर पत्र्याचं झाकण ठेवून त्यावरही निखारे. म्हणजे दोन्ही रॉड चालू! आजी मधूनमधून झाकणावरचे दोनचार निखारे चिमट्याने काढायची नाहीतर घालायची, ना आकडा ना काटा, नुसता झाकणाजवळ हात धरून बघायची. सोडाबिडा काही नाही त्यामुळे फुगायचंही नाही आणि बसायचंही नाही. वरची काळपट खरपूस पापडी कुणाला मिळणार यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या.
प्रश्नाचं उत्तर नाही हे, मला माहितीय.

पाववाली_गोंयची
निखारा, किती छान. आमच्याकडे बाथ करतात, रवा आणि ओल्या खोबऱ्याचा, नाताळात तर हवाच. त्यात एकच अट, मिश्रण रात्रभर ठेवायचं म्हणजे रवा पुरता फुगतो. घाईत लगेच भाजला तर दाताखाली कचकच येते आणि कापताना भुगा. रवा केक करणाऱ्यांनी निदान अर्धा तास तरी दह्यात भिजवा, आणि पावडर मात्र भाजायच्या आधी घाला, रात्री नको.

ओवाळणी
माझ्याकडे ओव्हन नाहीच, कूकरमधे करते. केक खालून जळतो आणि वरून पांढराफटक. काय करू?

जुनी_जाणती
रिंग आणि शिट्टी काढतेस ना? पाणी घालायचं नाही. तळाला जाड मीठ, त्यावर स्टँड नाहीतर उलटी ताटली, झाकण लावून मध्यम आचेवर 10 मिनिटं तापव, मग केकचं भांडं ठेवून एकदम बारीक गॅस, 45-50 मिनिटं. जळतोय म्हणजे भांडं तळाच्या फार जवळ आहे किंवा आच मोठी आहे. वरून पांढराच राहतो गं, वर रॉड कुठून आणणार. उलटा करून ठेव ताटात, खालची बाजू गुलाबी असते तीच वर.

आळूचं_फदफदं
रिकामा कूकर तापवू नये, माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं. धातू खराब होतो, मग रोजच्या डाळभाताला तोच कूकर दाबाखाली वापरायचा, धोका आहे.

जुनी_जाणती
तीस वर्षं करतेय.

आळूचं_फदफदं
तीस वर्षं नशीब चांगलं होतं मग.

ओवाळणी
अहो भांडू नका, माझ्याकडे जर्मनचं जुनं जाड पातेलं आहे, ते चालेल का?

जुनी_जाणती
पळेल. वर घट्ट बसणारं झाकण ठेव आणि त्यावर वजन म्हणून खलबत्ता. फदफदंभाऊंचं म्हणणं अगदीच चूक नाही, मीही आता केकला जुनाच कूकर ठेवलाय ज्यात डाळ शिजवत नाही. (हे त्यांना सांगायचं नव्हतं.)

लाजाळू_लिंबू
विषय निघालाच आहे तर कबुली देते. बिनअंड्याचा केक पांढरा दिसतो म्हणून अंड्यासारखा पिवळा रंग यावा म्हणून मी पाव चमचा हळद घातली. मिश्रण असं सुंदर पिवळं झालं की स्वतःचीच पाठ थोपटली. मग सोडा घातला आणि डोळ्यांदेखत तांबडे ठिपके उठायला लागले, भाजून काढला तर आत विटकरी लाल डाग. सासरची माणसं जेवायला. नणंद म्हणाली वहिनी हा बीटाचा आहे का, मी म्हटलं हो. दुसऱ्यांदा मागितला सगळ्यांनी, आता दरवेळी बीटाचा केक कर म्हणतात.

घरगुती_बेकर
हाहाहा. अगं कुंकू असंच तर करतात, हळदीला चुन्यासारखं क्षारयुक्त काही लावलं की ती लाल होते. सोडाही क्षारच. ढोकळ्यातही बघ, सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके येतात तेच हे. सोडा चाळून घातलास आणि दही किंवा व्हिनेगर पुरेसं असलं तर लाल होणार नाही. नाहीतर सरळ केशर नाहीतर थोडी कस्टर्ड पावडर.

चिकट_चमचा
केकचं कुंकू!! आता हळदीकुंकवाला हाच केक करणार. माझा एक छोटा प्रश्न, टुटीफ्रुटी सगळी तळाशी का जाते?

घरगुती_बेकर
मिश्रण पातळ आहे म्हणून. टुटीफ्रुटीवरचा पाक टिपून कोरडी कर, चमचाभर मैद्यात घोळव, आणि निम्मं मिश्रण टिनमधे ओतल्यावर मग वरच्या निम्म्यात घाल. मैद्यात घोळवल्याने थोडा फरक पडतो, मिश्रण ताकासारखं पातळ असेल तर कशानेच पडत नाही. आणि कपाने मोजताय तर लक्षात ठेवा, मैदा चमच्याने अलगद भरलात तर कपात साधारण 125 ग्रॅम बसतो, कपच डब्यात खुपसून भरलात तर दीडशेला जातो. एवढ्यात केकचा स्वभाव बदलतो. वजनकाटा घ्या, केक टिनच्या किमतीत येतो.

गिरगावकर_72
माझा वरून टेकडीसारखा वर येतो आणि फाटतो. बसण्यापेक्षा बरं, पण वाढदिवसाला ज्वालामुखी कापतोय असं वाटतं. काळं नॉनस्टिक टिन आहे.

घरगुती_बेकर
तुमचं बरोबर उलटं. वरची पापडी आधी घट्ट होते आणि आतलं अजून फुगतंच असतं, मग ते वाट काढतं. काळं टिन उष्णता जास्त ओढतं, 10-15 डिग्री कमी लावा, जाळी एक खाच खाली सरकवा, टिन दोन तृतीयांशच भरा.

बोर्डातला_काका
नमस्कार. केकमधलं मला ओ की ठो कळत नाही, सूनबाई हा धागा वाचत होत्या म्हणून वाचला. मी 31 वर्षं वीज खात्यात काढली. कोथिंबीरवडीताई, तुम्ही लिहिलंय की संध्याकाळचे केक बसले आणि दुपारचा एकच बसला नाही. माप तेच, ओव्हन तोच. मला वाटतं सोड्यापेक्षा तुमच्या घरातलं व्होल्टेज आधी तपासावं.
ओव्हनचा रॉड म्हणजे साधा रोध. त्याची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 230 व्होल्टला 1600 वॅटचा ओव्हन 180 व्होल्टवर किती राहील? लोक म्हणतात 78 टक्के. नाही, वर्ग करायचा, साधारण 61 टक्के. म्हणजे 1600 चा ओव्हन हजार वॅटसुद्धा देत नाही. दिवे एलईडी असतात, ते कमी व्होल्टेजलाही लख्ख जळतात, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. पूर्वी बल्ब पिवळा व्हायचा, लगेच कळायचं.
तुमच्या फ्रिजला आकडा दाखवणारा स्टॅबिलायझर असेल तर संध्याकाळी सात वाजता त्यावरचं इनपुट व्होल्टेज बघा. दुपारीही बघा. दोन्ही इथे लिहा.

जुनी_जाणती
अगंबाई. हे तर कधी डोक्यातच आलं नसतं.

कोथिंबीरवडी
काका!!!!! आत्ता सव्वासात वाजलेत. स्टॅबिलायझरवर 176. मी तिथेच फ्रिजसमोर उभी आहे, मधे 171 पण झालं. आम्ही तासगावपासून थोडे बाहेर मळ्यात राहतो, वस्तीतल्या सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी आणि पिठाची गिरणी याच वेळेला सुरू असतात. दुपारचं उद्या शनिवार आहे, बघून सांगते. ओव्हन फ्रिजच्या स्टॅबिलायझरला लावू का?

बोर्डातला_काका
अजिबात नको. तो फ्रिजपुरताच असतो, तुमचा ओव्हन सात अँपियर ओढतो, स्टॅबिलायझर जळेल. ओव्हन भिंतीवरच्या 16 अँपियरच्या सॉकेटलाच लावा. लांब बारीक वायरीचं एक्स्टेंशन असेल तर तेही काढा, त्यातही व्होल्टेज पडतं आणि वायर तापते. 176 म्हणजे तुमचा ओव्हन साडेनऊशे वॅटच्याही आत आला. त्याला पूर्ण तापायला 10 मिनिटं कशी पुरतील?

कोथिंबीरवडी
ओव्हनला एक लाल दिवा आहे तो कशाचा ते मी आजवर बघितलंच नव्हतं. माहितीपुस्तक शोधलं, कपाटात साड्यांच्या खाली होतं. हवं तेवढं तापलं की तो विझतो म्हणे. मी तर घड्याळ लावून 10 मिनिटं झाली की केक आत! आत्ता रिकामाच ओव्हन लावून बसले, दिवा विझायला 27 मिनिटं लागली. सत्तावीस. नवरा म्हणतोय रिकामा ओव्हन का तापवतेस, बिल कोण भरणार.

घरगुती_बेकर
घ्या, सापडलं. तू अर्धवट तापलेल्या ओव्हनमधे केक ठेवत होतीस, त्यातून दार उघडल्यावर जी उष्णता जाते ती परत भरून काढायलाही त्याला दम नाही. बुडबुडे आपले फुगून मोकळे, शिजणं मागून रखडत. आणि सोडा दुप्पट होता त्यामुळे अजूनच. काका, तुम्हाला दंडवत. 6 वर्षं मी लोकांना ओव्हन थर्मामीटर घ्या सांगतेय (अजूनही घ्याच, ओव्हनच्या बटणावरचं 180 आणि आतलं 180 यात माझ्याकडेच 20 डिग्रीचा फरक आहे) पण व्होल्टेज कधी मनात आलं नाही. पुण्यात आमच्याकडे वीज एक तर असते नाहीतर नसते.
सगळ्यांसाठी: काही ओव्हनमधे तो दिवा टायमर संपेपर्यंत चालूच राहतो, तापल्यावर विझत नाही. आपला कुठला ते एकदा रिकामा लावून बघून ठेवा.

कोथिंबीरवडी
शनिवार, दुपारी दीड: 221. सगळं माप तेच, फक्त सोडा पाव टीस्पून. दिवा 11 मिनिटांत विझला. केक 42 मिनिटांत झाला, विणकामाची सुई मधोमध घातली, कोरडी आली. बसला नाही!!! आता मुद्दाम संध्याकाळी पण करून बघणार, बटर संपलंय म्हणून तेलाचा, आणि दिवा विझेपर्यंत काही झालं तरी आत ठेवणार नाही.

कोथिंबीरवडी
संध्याकाळचा अहवाल. 178 व्होल्ट. 25 मिनिटं प्रीहीट. केक व्हायला 54 मिनिटं लागली. मधे अगदी किंचित दबला, कढईसारखा नाही, बशीसारखा. आत ओला थर नाही. वर जरा कोरडा पडला पण खाल्ला गेला सगळा. सासूबाईंनी दोन्ही केकवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं यावर घरात मतभेद आहेत.

आळूचं_फदफदं
शास्त्रशुद्ध प्रयोग बिघडवला सासूबाईंनी.

डेन्व्हरची_सून
वाढदिवसाचा कधी करणार मग? गुरुवारी शाळा असेल ना तुला.

कोथिंबीरवडी
बुधवारी पहाटे. पहाटे व्होल्टेज कसं असतं काका?

बोर्डातला_काका
सहसा चांगलं असतं, लोड नसतो. पण मोटारींची वीज काही ठिकाणी रात्रपाळीला असते, मंगळवारी पहाटे उठून एकदा आकडा बघून ठेवा. आणि या 171 ची लेखी तक्रार द्या, वेळ आणि आकडे लिहून, वस्तीतल्या चारपाच जणांच्या सह्या घेऊन. तोंडी सांगून काही होत नाही, मला विचारा.

लाजाळू_लिंबू
क्रीमचं काय करणार? मी एकदा टेट्रापॅकमधलं साधं फ्रेश क्रीम अर्धा तास फेटलं, शेवटी फ्रूट सॅलडमधे घातलं.

घरगुती_बेकर
त्यात 25 टक्के फॅट असतं, ते फेटून उभं राहत नाही, निदान 30 च्या वर हवं. व्हिपिंग क्रीम लिहिलेलंच घ्यायचं. भांडं आणि बीटरची पाती फ्रीजरमधे ठेवायची, आणि केक पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीमला हात लावायचा नाही, आतून जरी कोमट असला तरी क्रीम घरंगळतं. कोथिंबीरवडी, केक टिनमधे 10 मिनिटंच ठेव आणि मग जाळीवर काढ, टिनमधेच राहिला तर वाफेने खालून ओला होतो. बुधवारी करून कापडात नीट गुंडाळून ठेवलास तर गुरुवारी उलट चांगला कापला जाईल, ताजा केक कापताना भुगा पडतो.

कोथिंबीरवडी
झाला!! पहाटे साडेपाचला उठले, दिवा विझला 10 मिनिटांत, केक 40 मिनिटांत, वरून सपाट, एवढा सपाट की त्यावर पोळी लाटावी. जाळीवर गार करायला ठेवला आणि फोन आणायला आत गेले, इथे फोटो टाकायचा म्हणून. परत येते तर चिरंजीव उठलेले, केकच्या मधोमध बोट घातलेलं, झाला का बघत होतो म्हणाले, तूच म्हणालीस मधे घालून बघायचं.
त्यामुळे फोटोत मधे खड्डा आहे.

जुनी_जाणती
क्रीमने भर गं. पोराला शाबासकी दे, पद्धत बरोबर होती.

बोर्डातला_काका
अभिनंदन. पहाटेचं व्होल्टेज किती होतं तेवढं लिहून ठेवा.

कोथिंबीरवडी
228, काका :)